आईबापांची साक्ष

आपल्या मुलाला आपल्याइतकें दुसरें कोणीहि ओळखत नाहीं, ही समजूत आईबापांच्या मनांत इतकी खोल रुजलेली असते कीं, तिला नुसती समजूत म्हटलेलेंहि त्यांस रुचणार नाहीं. आणि ती अगदींच निराधार आहे असें नाहीं. मूल कोणत्या कुशीवर निजतें, ताप येण्यापूर्वीं त्याचे डोळे कसे दिसतात, खोटें बोलतांना तें कोणीकडे पाहतें, हें आईला जितकें ठाऊक असतें तितकें जगांत दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतें. पण हें ज्ञान बहुतेक बाळपणांतलें. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, मुलगी वयांत आली, म्हणजे या भांडवलांत नवी भर पडणें हळूहळू थांबतें. आईबाप मात्र जुन्याच ठेवीवर व्यवहार चालवीत राहतात. घरांतल्या एका खोलीचें दार आतां आंतून लागूं लागतें, आणि त्या दारापलीकडे काय चाललें आहे हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, असा एक नवाच प्रश्न घरांत उभा राहतो.

आजकाल हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांपुढें पुष्कळदां कागदाच्या रूपानें येतो. शाळेंतील समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ आईबापांच्या हातीं एक छापील पत्रक देतो. त्यांत मुलाच्या वागणुकीविषयीं पंचवीस, पाऊणशें, कधीं शंभरांहून अधिक विधानें असतात. पुष्कळ पत्रकांत प्रत्येक विधानापुढें तीन घरें असतात: हें खरें नाहीं, थोडेंफार खरें आहे, अगदीं खरें आहे. गेल्या कांहीं महिन्यांतील वर्तन आठवून आईनें किंवा बापानें एकेका घरांत खूण करावयाची. शून्य, एक, दोन असे गुण धरून बेरीज केली म्हणजे मूल सामान्यांत बसतें कीं नाहीं याचा अंदाज निघतो. अमेरिकेंतील व्हर्मांट विद्यापीठाचे टॉमस आखेनबाख यांची लांबलचक यादी, लंडनचे बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेली पंचवीस विधानांची प्रश्नावली, आणि आपल्याकडे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत सविता मल्होत्रा व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ मध्यें सिद्ध केलेली पंचाहत्तर प्रश्नांची मापनपद्धति, हीं या वर्गांतील प्रसिद्ध उदाहरणें होत.

या पत्रकांची थट्टा करणें सोपें आहे. मुलाचें मन म्हणजे काय भाजीपाला आहे, कीं तागडींत टाकून जोखावें, असें कोणीहि म्हणूं शकेल, आणि त्यावर टाळीहि मिळेल. पण पत्रकें नव्हतीं तेव्हां मुलांची पारख होत नव्हती असें थोडेंच आहे? ती होतच होती. फक्त ती मावशीच्या एका शेऱ्यावर, मास्तरांच्या एका रागावर, शेजारणीच्या एका कुजबुजीवर होत होती. 'मुलगा वायां गेला', 'मुलगी फार आंतल्या गांठीची आहे', असे निकाल कोणत्याहि प्रश्नावलीवांचून आमच्या घरांतून बिनबोभाट लागत आले आहेत, आणि त्यांवर अपील नसे. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२० मध्यें दाखवून दिलें होतें कीं, एखाद्या माणसाविषयीं आपलें एकंदर मत बरें किंवा वाईट झालें म्हणजे त्याच्या निरनिराळ्या गुणांविषयींचीं मतेंहि आपण त्याच रंगांत बुडवून काढतों. निरनिराळ्या वर्तनाविषयीं निरनिराळें विचारणें हा त्या दोषावर एक उतारा आहे. तेव्हां पत्रक हें शेऱ्यापेक्षां अधिक न्यायी असण्याचा संभव आहे, हें आम्ही प्रथमच कबूल करतों. तें किती न्यायी आहे, आणि कोणाला, हा पुढचा प्रश्न.

चांगलें पत्रक टेबलाशीं बसून नुसतें मनानें रचलेलें नसतें. वैद्यांचीं टिपणें, आईबापांनीं सांगितलेल्या तक्रारी, शिक्षकांचे अनुभव यांतून आधीं पुष्कळ वाक्यें जमवावीं लागतात. मग त्यांतील संदिग्ध वाक्यें गाळावयाचीं, एका वाक्यांत दोन प्रश्न आले असतील तर ते फोडावयाचे, 'नेहमीं', 'फार' या शब्दांचा अर्थ घरोघर निराळा होतो काय हें आईबापांशीं बोलून पाहावयाचें. त्यानंतर तें कच्चें पत्रक पुष्कळ कुटुंबांकडून भरून घेऊन, कोणतीं विधानें एकमेकांच्या संगतीनें चढतात-उतरतात याचें गणित मांडतात. आखेनबाख यांनीं १९६६ सालीं मनोविकारांसाठीं आणलेल्या मुलामुलींच्या टिपणांवर असें गणित चालवून दाखविलें कीं, मुलांच्या बहुतेक तक्रारींचे दोन मोठे गट पडतात. भीति, उदासपणा, माणसांपासून दूर राहणें, कारण नसतां पोट दुखणें, या आंतल्या आंत कुढणाऱ्या तक्रारी एकीकडे. आज्ञाभंग, मारामारी, चोरी या बाहेर उसळणाऱ्या तक्रारी दुसरीकडे. हा भेद पुढें सर्वत्र रूढ झाला. या लेखांतहि तो पुनःपुन्हां येणार आहे, कारण आमच्या मतें सगळी नैतिक अडचण याच फटींत दडलेली आहे.

पत्रक तयार झालें म्हणजे त्याच्या दोन परीक्षा होतात. पहिली विश्वसनीयतेची. त्याच आईला दोन-तीन आठवड्यांनीं तेंच पत्रक दिलें तर उत्तरें साधारण तींच येतात काय, आणि एका गटांतील विधानें एकमेकांशीं जुळतात काय, हें तींत पाहतात. दुसरी यथार्थतेची: जें मोजावयाचें म्हणून निघालों तेंच मोजलें जात आहे काय? रोज नेमकें दहा मिनिटें मागें चालणारें घड्याळ विश्वसनीय म्हणतां येईल, यथार्थ म्हणतां येणार नाहीं. पहिली परीक्षा उत्तीर्ण होणें फारसें कठीण नाहीं. तिची एक पळवाटहि आहे. एकच गोष्ट पांच तऱ्हांच्या वाक्यांनीं विचारली म्हणजे पांचहि उत्तरें जुळतात आणि आंकडा सुरेख येतो. पण पांच वाटांनीं एकाच विहिरीवर जाऊन पांच विहिरी पाहिल्याचा हा दाखला होय. खरी कसोटी दुसरीच, आणि तेथें मामला वाटतो तितका सरळ नाहीं.

यथार्थता ठरविण्याचा नेहमींचा मार्ग असा: मनोविकारतज्ज्ञांकडे आणलेलीं कांहीं मुलें घ्यावयाचीं, त्याच वयाचीं व त्याच स्थितींतलीं पण वैद्याकडे न गेलेलीं तितकींच मुलें घ्यावयाचीं, आणि दोहोंच्या आईबापांनीं भरलेल्या पत्रकांच्या बेरजांत स्पष्ट अंतर पडतें काय तें पाहावयाचें. अंतर पडतें. पण याचा अर्थ काय करावयाचा? मनोविकारतज्ज्ञाकडे येणारीं मुलें सहसा आपल्या पायांनीं येत नाहींत. त्यांना कोणी तरी आणतें, आणि ज्याला त्यांच्या वागण्याचा जाच होतो किंवा ज्याला त्यांची काळजी वाटते तोच आणतो. म्हणजे या दोन गटांत त्रस्त व अत्रस्त मुलांइतकाच चिंतातुर व निश्चिंत आईबापांचा भेद असूं शकतो. पत्रकानें तो भेद अचूक पकडला असें फार तर म्हणतां येईल. कोणी म्हणेल, तज्ज्ञाचें स्वतंत्र निदान हें प्रमाण धरावें. धरावें खरें, पण तज्ज्ञानें आपलें निदान कशावरून केलें? पुष्कळ अंशीं आईच्याच तोंडून ऐकलेल्या हकीकतीवरून. एकाच साक्षीदाराला दोन दालनांत बसवून दोनदां विचारलें आणि दोन्ही जबान्या जुळल्या म्हणून गुन्हा शाबीत धरला, तर कोणता न्यायाधीश मान्य करील?

या शंकेला आधार देणारें एक संशोधन आम्हांस फार बोधक वाटतें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वाइझ व त्यांचे सहकारी यांनीं थायलंड व अमेरिका या दोन देशांतील आईबाप, शिक्षक व मानसशास्त्रज्ञ यांच्यापुढें मुलांचीं कांहीं वर्णनें ठेविलीं. कांहीं मुलें कुढणारीं, कांहीं उसळणारीं. १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दिसलें कीं, थाई लोकांस अमेरिकनांपेक्षां एकंदरींतच या तक्रारी कमी गंभीर व कमी काळजीच्या वाटल्या, आणि काळ जाईल तसा फरक पडेल असें ते अधिक म्हणाले. ज्यावर मत द्यावयाचें तें वर्णन दोघांपुढें एकच होतें. बदलला तो पाहणाराच्या सहनशीलतेचा उंबरठा. उंबरठा कोठें असावा हें गणित सांगूं शकत नाहीं. तें त्या त्या समाजाचें नीतिशास्त्र सांगतें.

आतां दुसरी साक्ष काढूं. आईनें एक पत्रक भरलें, शिक्षकानें एक भरलें आणि त्या मुलानें स्वतःविषयीं एक भरलें, तर तिहींचा मेळ किती बसतो? आखेनबाख, मॅकॉनॉही व हॉवेल या तिघांनीं १९८७ सालीं अशा ११९ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला. आई व बाप, किंवा दोन शिक्षक, अशा सारख्या जागीं असलेल्या माणसांच्या उत्तरांत सरासरी सहसंबंध ०.६० निघाला. आईबाप व शिक्षक अशा निरनिराळ्या जागीं असलेल्यांत तो ०.२८ वर उतरला. आणि मुलाचें स्वतःचें मत व इतरांचें मत यांत तर तो अवघा ०.२२ भरला. पूर्ण मेळ असता तर हा आंकडा १ असता. पुढें जवळ जवळ तीस वर्षें पत्रकें सुधारण्यांत गेलीं, आणि २०१५ मध्यें ३४१ अभ्यासांचा नवा हिशेब झाला, तेव्हां निरनिराळ्या साक्षीदारांतील सरासरी पुन्हां ०.२८ च. तीस वर्षांच्या खटपटीनें जो आंकडा हलला नाहीं तो केवळ चुकीचा आंकडा नव्हे, अशी शंका येऊं लागते. मुलगा शाळेंत एक असतो, घरीं दुसरा असतो, आणि स्वतःशीं तिसरा असतो. या तिघांना एकाच बेरजेंत कोंबण्याचा हट्ट धरला म्हणजे मेळ नसणें हा दोष वाटतो. एरवीं ती त्या घराची खरी हकीकत आहे.

किशोरांच्या बाबतींत ही हकीकत अधिकच जिव्हारीं लागणारी आहे. स्टॅन्ली हॉल यांनीं १९०४ मध्यें पौगंडावस्थेवर आपला दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि तें वय म्हणजे वादळाचें वय असा समज जगभर पसरला. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नांवाचें एक बेट आहे. तेथील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी करून मायकेल रटर व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं हा समज तपासून पाहिला. त्यांस आढळलें कीं, आईबापांपासून मुलें मनानें तुटून जातात ही गोष्ट वाटते तितकी सार्वत्रिक नाहीं. घरोघर वादळ नाहीं. पण दुसरी एक गोष्ट आढळली. मुलांशीं एकेकटें बसून बोलल्यावर, आपण दुःखी आहों, आपण कुचकामी आहों, अशा भावना पुष्कळांनीं बोलून दाखविल्या, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या घरच्या वडील माणसांना याचा पत्ताहि नव्हता. बाहेरचें वादळ कल्पिलें होतें त्याहून कमी, आणि आंतलें दुःख दिसत होतें त्याहून अधिक, असा हा निष्कर्ष आहे. ज्या आईनें त्या मुलीविषयीं पत्रक भरलें असेल तिनें उदासपणाच्या ओळीसमोर प्रामाणिकपणें शून्य लिहिलें असेल. ती खोटें बोलली नाहीं; तिला जें दिसलें तें तिनें लिहिलें. मुलगी वेळेवर उठत होती, अभ्यास करीत होती, उलट बोलत नव्हती. अशा मुलीला आपल्याकडे काय म्हणतात हें वाचकांस सांगावयास नकोच. तिला 'गुणाची' म्हणतात.

शिक्षकांची कथा निराळी नाहीं. विकमन यांनीं १९२८ मध्यें अमेरिकेंत एक पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलांच्या पन्नास वर्तनांची यादी त्यांनीं शिक्षकांना व मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांना दिली होती आणि कोणतें वर्तन किती गंभीर हें विचारलें होतें. शिक्षकांनीं चोरी, अनीति, उद्धटपणा यांना वरचीं स्थानें दिलीं. तज्ज्ञांनीं एकलकोंडेपणा, संशयीपणा, खिन्नता यांना. निष्कर्ष मोठा गाजला. मग टीकाकारांनीं दाखविलें कीं, दोन्ही गटांना दिलेल्या सूचनाच सारख्या नव्हत्या: शिक्षकांचें लक्ष आजच्या उपद्रवाकडे वेधलें होतें, तज्ज्ञांचें मुलाच्या उद्यांच्या आयुष्याकडे. टीका रास्त होती. परंतु आमच्या दृष्टीनें तिच्यामुळें मूळ गोष्ट अधिकच उठून दिसते. 'मला याचा किती त्रास होतो?' आणि 'याला स्वतःला किती त्रास होतो आहे?' हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि आईबापांचें पत्रक यांतील कोणता विचारतें हें बहुधा भरणारालाहि स्पष्ट नसतें.

आतां त्या रेषेविषयीं, जिच्या अलीकडे मूल सामान्य आणि पलीकडे असामान्य ठरतें. ही रेषा निसर्गांत कोठेंहि आंखलेली नाहीं. गुडमन यांच्या प्रश्नावलीचे मूळ टप्पे ठरवितांना असा हिशेब धरला होता कीं, समाजांतील सुमारें शेंकडा ८० मुलें सामान्यांत, १० सीमेवर आणि १० असामान्यांत पडावीं. यांत लपवाछपवी कांहीं नाहीं. हें उघड सांगितलेलें आहे, आणि कामाला तें सोयीचेंहि आहे. पण ज्या बापाच्या हातांत 'असामान्य' हा शब्द पडतो त्याला हें कोण सांगतें? शिवाय रेषा कितीहि चांगली असली तरी गणिताचा एक निष्ठुर नियम चुकत नाहीं. समजा, १००० मुलांत १०० खरोखर त्रस्त आहेत. पत्रक त्यांतील ८० पकडतें, आणि धड असलेल्या ९०० पैकीं केवळ ९० वर चुकीचें बोट ठेवतें. कोणालाहि हें उत्तम पत्रक वाटेल. तरी रेषेपलीकडे गेलेलीं मुलें झालीं १७०, आणि त्यांत निम्म्यांहून अधिक, म्हणजे ९०, विनाकारण गेलीं. खरींखुरीं त्रस्त २० अलीकडेच राहिलीं. म्हणून जाणते तज्ज्ञ पत्रकाला निदान म्हणत नाहींत, निदानापूर्वींची चाळण म्हणतात. चाळणींत राहिलेल्या दाण्याला खडा म्हणून फेंकून देणें हा चाळणीचा दोष नव्हे. पण तो अन्याय होतो खरा.

मराठींत हीं पत्रकें आणतांना आणखी एक गंमत होते. रीत अशी आहे कीं, एकानें मूळ विधान मराठींत आणावयाचें, दुसऱ्यानें मूळ न पाहतां तें परत इंग्रजींत न्यावयाचें, आणि दोन्ही इंग्रजी विधानें ताडून पाहावयाचीं. यानें अर्थाची गळती सांपडते, रंग सांपडत नाहीं. वाद घालणें या साध्या क्रियेचेंच पाहा. वडील माणसानें केला तर तो 'वाद', मुलानें केला तर तें 'उलट बोलणें'; निकाल शब्दांतच लागलेला आहे. 'लाजाळू' ही मुलीची शिफारस आणि मुलाची तक्रार. 'घुमा' या शब्दांत मौनाबरोबर थोडा कपटाचा संशयहि येतो, आणि 'शांत' म्हटलें कीं तेंच मौन सद्गुण होऊन बसतें. ज्या मुलाला घरांत चौदाव्या वर्षीं 'हट्टी' म्हणतात, त्यालाच चाळिसाव्या वर्षीं सत्कारसमारंभांत 'मनस्वी' म्हणतात. भाषांतरकारानें यांतला कोणता शब्द निवडला यावर कित्येक मुलांचे गुण वरखालीं होतील. म्हणून एका देशांत कसाला उतरलेलें पत्रक दुसऱ्या देशांत, दुसऱ्या भाषेंत, पुन्हां मुळापासून कसाला लावावें लागतें. नुसतें भाषांतर पुरत नाहीं.

एवढें सगळें संशोधकांना ठाऊक असतें. किंबहुना येथपर्यंत आम्ही जें म्हटलें तें त्यांनींच शोधून काढलेलें आहे, आणि ही त्या शास्त्राची मोठी सचोटी होय. पण ज्या गोष्टीचा विचार शास्त्राच्या कक्षेंत येत नाहीं ती अशी कीं, मुलाविषयीं असें पत्रक भरणें ही आईबापांच्या बाजूनें एक कृति आहे, आणि प्रत्येक कृतीप्रमाणें ती बरी किंवा वाईट असूं शकते. आईबाप येथें साक्षीदार आहेत, आणि त्याच वेळीं ते वादांतले पक्षकारहि आहेत. पत्रकांतील वाक्यांची घडण पाहा: बहुतेक वाक्यांचा कर्ता मूल. मूल ऐकत नाहीं. मूल चिडतें. मूल खोटें बोलतें. काय सांगितलें होतें जें त्यानें ऐकलें नाहीं, कोणी काय बोलल्यावर तें चिडलें, खरें बोललें असतें तर त्याच्या पदरांत काय पडलें असतें, याला तेथें घर नाहीं. दोघांच्या मध्यें घडलेली गोष्ट एकाच्या खात्यावर मांडली जाते. लेखणी ज्याच्या हातांत असते त्याचें नांव कर्त्याच्या जागीं सहसा येत नाहीं, हा अनुभव काय पत्रकांपुरताच आहे?

येथें एक अपवाद नोंदला पाहिजे. खिन्नतेनें ग्रासलेली आई आपल्या मुलाविषयीं अधिक काळें चित्र काढते, तिच्या साक्षीवर विश्वास ठेवूं नये, असें पुष्कळ दिवस मानीत. रिक्टर्स या संशोधकानें १९९२ मध्यें या मताचा पुरावा तपासला आणि तो पुरेसा नाहीं असें दाखविलें. आपल्या दुःखामुळें कदाचित् त्या आईला मुलाचें दुःख इतरांहून आधीं दिसतहि असेल. तेव्हां पक्षकाराची साक्ष म्हणून ती फेंकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. कोर्टांतहि पक्षकाराची साक्ष घेतात. मात्र ती घेतांना त्याचा संबंध काय हें लक्षांत ठेवतात, आणि दुसऱ्या बाजूला आपलें म्हणणें मांडूं देतात.

ही दुसरी बाजू चौदा वर्षांची असते, आणि बहुधा तिला आपल्याविषयीं खटला चालू आहे हेंच ठाऊक नसतें. आखेनबाख यांच्या यादींत मुलानें आपल्या गोष्टी मनांतच ठेवणें हें तक्रारींच्या बाजूला मोजलें जातें. लहान मुलाच्या बाबतींत तें योग्य असेल. पण त्या वयांत आपलें म्हणून कांहीं मनाशीं राखून ठेवणें, हें मोठें होण्याचेंच एक अंग नाहीं काय? जो मुलगा सगळेंच आईला सांगतो त्याच्याविषयींहि काळजी वाटावी असें एक वय येतें. सोळावें वर्ष लागलें कीं पुत्राशीं मित्राप्रमाणें वागावें असें सांगणारें जुनें सुभाषित आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं असतें, आणि तें म्हणणारे पुष्कळसे लोक त्याच्या अगोदरच्या ताडनाच्या भागाचीच अंमलबजावणी अधिक उत्साहानें करतात. तें असो. मित्राविषयीं त्याच्या नकळत, त्याच्या वागण्याचे गुण मांडून, तो कागद तिऱ्हाइताच्या हातीं देण्याला आपण काय म्हणूं? संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ मध्यें संमत केलेल्या व भारतानें १९९२ मध्यें स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारांत, मुलाला त्याच्याविषयींच्या बाबतींत वयपरत्वें आपलें मत मांडूं द्यावें असें बाराव्या कलमांत आहे, आणि त्याच्या खासगी जीवनांत अनाठायीं ढवळाढवळ होऊं नये असें सोळाव्यांत आहे. हीं कलमें सरकारांसाठीं लिहिलेलीं आहेत; पण घराच्या उंबरठ्याबाहेर जो न्याय मुलाला मिळावा असें आपण म्हणतों तो उंबरठ्याच्या आंत कां नसावा, याचें उत्तर द्यावयास आम्ही तरी असमर्थ आहों.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. हा सगळा सोवळेपणा ठीक आहे. पण वाइट बेटावरील त्या मुलामुलींसारखीं जीं मुलें मुकाट्यानें कुढत आहेत त्यांच्याकडे लक्ष जाण्याला दुसरें साधन काय? आईनें पत्रक भरलें नाहीं तर तेवढेंहि कळणार नाहीं. हें खरें आहे. आणि आमच्या मतें पत्रकाचा सर्वांत मोठा उपयोग बेरजेंत नसून वाचण्यांतच आहे. झोंप कशी लागते, जवळचा एक तरी मित्र आहे काय, अशीं वाक्यें समोर आलीं म्हणजे आईची खूण थबकते. तिला आठवतें कीं, तीन महिन्यांत घरीं कोणी मैत्रीण आलेली नाहीं. हा थबकलेला क्षण कोणत्याहि गुणसंख्येंत उमटत नाहीं, परंतु त्याच्यासाठीं पत्रकाची छपाई वसूल होते. म्हणून कुढणाऱ्या बाजूच्या विधानांवर पत्रककारांनीं जितके कष्ट घ्यावे तितके थोडे, असें आम्हांस वाटतें. उसळणाऱ्या मुलाची जाहिरात तो स्वतःच करतो.

मात्र हा उपयोग मदतीच्या हेतूशीं बांधलेला आहे. यथार्थता ही कागदाची नसते, वापराची असते. वैद्याकडे मदत मागतांना जी आई खरें लिहील तीच आई शाळेच्या प्रवेशाच्या वेळीं तेंच पत्रक समोर आलें तर सगळीकडे शून्य लिहील, आणि तिला दोष देण्यास आमची जीभ रेटणार नाहीं. मदतीसाठीं पारखलेलें पत्रक निवड करण्यासाठीं किंवा शिस्तीच्या चौकशीसाठीं वापरणाऱ्या संस्थेनें त्यावर 'प्रमाणित' हा शब्द छापणें म्हणजे दुसऱ्याच्या नांवाची हुंडी वटविण्यासारखें आहे.

राहतां राहिली घरांतली गोष्ट. आखेनबाख व गुडमन या दोघांच्याहि संचांत अकरा वर्षांवरील मुलांनीं स्वतः भरावयाचें निराळें पत्रक आहे. तेव्हां त्या वयाच्या मुलाविषयीं आईबापांनीं भरावयाचें तर तें त्याला सांगून भरावें, त्याचेंहि त्याला भरूं द्यावें, आणि दोन्ही पत्रकें जाणत्या माणसानें शेजारीं ठेवून वाचावीं, हें फार मागणें नाहीं. मुलानें काय लिहिलें तें आईबापांना दाखवावें कीं नाहीं हें मुलाच्या संमतीनें ठरावें. आईबापांनीं काय लिहिलें तें मुलानें पाहूं मागितलें तर आमच्या मतें दाखवावें. दाखवितां येणार नाहीं असें वाक्य आपण लिहिलें आहे असें वाटत असेल, तर तें खोडून पुन्हां लिहिण्याला अजून वेळ असतो. याला अपवाद एकच. मुलाच्या बोलण्यांतून किंवा वागण्यांतून तें जीवाचें बरेंवाईट करील अशी धास्ती वाटत असेल, तर पत्रक कोणाला दाखवावें आणि बेरीज किती आली याचा विचार करीत बसूंच नये. त्याला सरळ विचारावें, एकटें ठेवूं नये, आणि त्याच दिवशीं त्याला घेऊन वैद्याकडे जावें.